उजवीकडचे तीन

फोन आला तेव्हा मी एका निवृत्त मास्तरांच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होतो. फोनवर बायकोच्या विद्यापीठातले विभागप्रमुख होते. म्हणाले, "जरा इस्पितळात या. मॅडम जिन्यात पडल्या." मी येतो म्हटलं. फोन ठेवला, स्क्रू पुरता आवळला, काचा पुसल्या, मास्तरांच्या नाकावर चष्मा चढवून कानामागे नीट बसतोय का ते पाहिलं. मास्तर म्हणाले, "डावीकडे किंचित टोचतंय." मी काडी गरम करून वाकवून दिली. यात दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी मला नंतर दोनदा सांगितलं. ही जिन्यातच गेली होती. डोक्यात रक्तस्राव. विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्याला जाताना, हातात फाईल घेऊन.

पडल्या म्हणजे पाय मुरगळला असेल असं मला वाटलं होतं. एवढंच मी सांगू शकतो.

ही विद्यापीठात सोलर सेलवर संशोधन करायची. मी दहावी झालेला, वडिलांचं चष्म्याचं दुकान पुढे चालवणारा. लग्नात तिच्या एका मावशीने माझ्या कानावर पडेल अशा आवाजात म्हटलं होतं, "नाकापेक्षा मोती जड." हिने तिथल्या तिथे उत्तर दिलं, "मावशी, ते नाकाचाच धंदा करतात. सांभाळतील." पुढे तेहतीस वर्षांत शिक्षणाचा विषय आमच्यात निघाला तो फक्त गमतीत.

तिच्या कामातलं मला जेवढं कळलं ते असं. सेल उन्हात ठेवला की वर्षागणिक थोडा थोडा कमजोर होतो. जमिनीवर त्याला दोन शत्रू, एक ऊन आणि दुसरी धूळ. वर उपग्रहावर धूळ नाही, पण तिथलं ऊन गाळलेलं नसतं. त्यातून येणारा मारा सेलला आतून तडे पाडतो. हिने सेलवर एक पातळ थर द्यायची पद्धत काढली होती. तिचं म्हणणं असं, की उन्हाची उष्णता मिळाली की हा थर मऊ होऊन ते तडे आपले आपण सांधेल. प्रयोगशाळेत कधी कधी ते दिसायचं, कधी नाही. चार देशांतली चार विद्यापीठं मिळून एक उपग्रह सोडणार होती, त्यावर कोणाचे सेल बसवायचे ते एक समिती ठरवणार होती. गेल्या वर्षी समितीने हिच्या सेलला नाही म्हटलं. पुरावा अपुरा, असं लिहिलं होतं. त्या दिवशी घरी येऊन ही दोन तास कपाट आवरत बसली. मी विचारलं तर म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. अपुराच आहे."

त्याच चार विद्यापीठांनी दहा वर्षांचा एक साधा प्रयोगही चालवला होता. चार देशांत चार प्लेटी, प्रत्येक प्लेटीवर तळहाताएवढे सहा सेल, शेजारी एक डबा. डबा दर दहा मिनिटांनी सेलमधली वीज मोजायचा. आमच्या विद्यापीठाची प्लेट आमच्या घराच्या गच्चीवर होती, आणि तिच्यावरच्या सहाही सेलना हिचा थर दिलेला होता.

आठ वर्षांपूर्वी ती आली तेव्हा मी म्हटलं होतं, "विद्यापीठाला गच्ची नाही का?"

"आहे. पण शेजारी नवी इमारत झाली. तीननंतर सावली येते."

"आणि आपल्या कपड्यांच्या दोऱ्या?"

"त्यांचीही सावली येते. काढाव्या लागतील."

"म्हणजे ऊन मोजायचं, पण त्यात कपडे वाळवायचे नाहीत."

"पटकन समजलं की तुम्हाला. आमच्या विभागात दोन बैठका लागल्या."

"माझ्या घरात सवत आणलीस."

"सवत बायकांना असते हो. तुम्ही फार तर सावत्र मुलगी म्हणा."

तेव्हापासून आमची मुलगी त्या प्लेटला धाकटी म्हणायला लागली. आईचा फोन लागला नाही की म्हणायची, "धाकटीकडे गेली असेल."

दर रविवारी साडेनऊला ही दुकानातलं लेन्सचं फडकं आणि पाण्याची बाटली घेऊन गच्चीवर जायची. रविवारी सकाळी दुकानात गर्दी असते, आठवडाभर डोळे दुखवून घेतलेले लोक त्याच दिवशी येतात. त्यामुळे ती वर नेमकं काय करते ते मी आठ वर्षांत एकदाही पाहिलं नाही. फडकं मळून परत यायचं, एवढं मला माहीत.

ती गेल्यावर तिसऱ्या रविवारी मी दुकान उघडलं नाही. साडेनऊ वाजले आणि घरात बसवेना. फडकं घेतलं आणि वर गेलो.

प्लेटीवर डावीकडचे तीन सेल बऱ्यापैकी स्वच्छ होते. तीन आठवड्यांची धूळ असेल तेवढीच. उजवीकडच्या तिन्हींवर मात्र राखाडी पापुद्रा चढला होता. पावसाने वरवरची धूळ वाहून जाते, पण खालचा चिकट थर जात नाही, तसला. गवंडी माणसाचा जुना चष्मा दुकानात येतो, त्याच्या काचेवर असतो तसा. ते पाहून मला तिचा खांदा आठवला. शेवटच्या काही महिन्यांत तिचा उजवा खांदा दुखायचा. मी मलम आणून दिलं होतं आणि विसरून गेलो होतो. मला वाटलं, हात पोचत नसेल म्हणून उजवीकडचे राहून गेले. किती महिने राहिले असतील, आणि ही मला एका शब्दाने बोलली नाही. आणि मी खाली लोकांच्या काचा पुसत होतो.

डावीकडचे तीन पाच मिनिटांत झाले. उजवीकडच्यांना मी हात घातला तो दुकानातलं लेन्स पुसायचं लिक्विड आणूनच. असला थर एका दिवसात काढायचा नसतो, काच खराब होते. थोडं भिजवायचं, वरचा पदर सोडवायचा, बाकी पुढच्या खेपेला. मी चार रविवार घेतले. चौथ्या रविवारी सहाच्या सहा सेल सारखे काळेनिळे दिसायला लागले. मी तिथेच गच्चीच्या कठड्याला टेकून बसलो. ती गेल्यापासून तिच्यासाठी काही केलं असं मला पहिल्यांदा वाटलं.

त्यानंतर आठवड्याने जाऊबाईंचा फोन आला. जाऊबाई म्हणजे हिच्या कामातल्या जोडीदार, दूरदेशच्या विद्यापीठात असलेल्या. मूळ आमच्याच भाषेतल्या, लग्न होऊन तिकडे गेलेल्या. या दोघी एकमेकींना जाऊबाई म्हणायच्या, कारण दोघींचा संसार एकाच घराण्यात, सोलरच्या. त्या हिशेबाने मी त्यांचा भावजी.

दुपारी दुकान बंद करून मी जेवणाचा डबा उघडत होतो. व्हिडिओ कॉल होता. त्यांचे डोळे सुजलेले होते आणि चेहरा हसरा होता.

"भावजी, बसलाय ना? बसा. एक सांगायचंय, आणि ते विभागप्रमुखांच्या आधी मला सांगायचंय."

"बसलोय. जेवतोय."

"घास गिळा आधी. तिचे सेल सांधतायत."

मला कळलं नाही. त्यांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. आठ वर्षं हळूहळू खाली येणारी आणि मग गेल्या महिन्यात वर चढणारी.

"ही आठवड्याच्या सरासरीची रेघ. चार आठवडे सलग वर गेलीय. जवळजवळ तेरा टक्के परत आलेत. पाऊस नाही, काही नाही. सेल आपले आपण भरून येतायत, भावजी. ती सांगत होती तेच."

"मग इतकी वर्षं का नाही आले?"

"तेच तर. यंदा तुमच्याकडचं ऊन बघा किती तापलंय. थर मऊ व्हायला तेवढीच उष्णता लागत असणार. आमच्याकडे कुठलं इतकं ऊन? आणि गंमत बघा, वर गेलेत ते फक्त उजवीकडचे. डावीकडचे तीन आपण दर रविवारी पुसतो, त्यांचा थर घासून झिजला असणार. उजवीकडच्या तिघांना आठ वर्षांत कोणी फडकं लावलेलं नाही, म्हणून ते सांधले."

मी घास हातात धरून होतो.

"डावीकडचे पुसायचं तुम्ही चालू ठेवलंत ते आकड्यांत दिसतंय," त्या म्हणाल्या. "मला रडू आलं ते बघून. तिला किती बरं वाटलं असतं. समितीकडे आम्ही परत अर्ज करतोय, या महिनाअखेर. निबंधावर पहिलं नाव तिचं. तिचे सेल वर जातील, भावजी."

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय? काहीतरी बोला."

"काय बोलू?" मी म्हटलं. त्यांना वाटलं मी आनंदाने भारावलोय. त्यांनी डोळे पुसले आणि फोन ठेवला.

उजवीकडचे तीन कधीच पुसायचे नव्हते. तोच प्रयोग होता. पुसलेले तीन आणि न पुसलेले तीन, यांच्यातला फरक म्हणजे धूळ. दहा वर्षं धूळ साचू द्यायची आणि मग बघायचं. मी आठ वर्षांची धूळ चार रविवारांत लेन्सच्या लिक्विडने काढून टाकली होती. सेल सांधले नव्हते. मी ते पुसले होते.

संध्याकाळी मुलगी आली. ती शाळेत भूगोल शिकवते, चार गल्ल्या सोडून राहते, आणि आई गेल्यापासून रोज येऊन फ्रिज उघडून मी काय खाल्लं ते तपासते. तिला सगळं सांगितलं. ती फ्रिजचं दार धरून उभीच राहिली.

"कोणा कोणाला माहीत आहे?"

"तुला आणि मला."

"मग झाकली मूठ."

"सव्वा लाखाची नाही ना ती. रिकामी आहे."

"बाबा, आईने त्या थरासाठी बारा वर्षं घालवली. माझ्या दहावीच्या परीक्षेला ती परदेशात होती. मी तेव्हा काही बोलले नाही. आता निदान एवढं तिला मिळू दे. तिचं नाव पहिलं लागतंय, तू का आडवा येतोस?"

"आणि सेल वर गेले, आणि तिथे नाही सांधले तर?"

"सांधतील. ती म्हणायची ना सांधतील."

"प्रयोगशाळेत अर्ध्या वेळा नाही सांधायचे. आणि वर मी पुसायला नसेन."

ती हसली नाही. मीही गमतीत म्हटलं नव्हतं. फ्रिजचं दार लावून ती म्हणाली, "तू ठरव. पण मला विचारलंस तर, गप्प बस. आयुष्यात एकदा गप्प बस." आणि रिकामा डबा घेऊन गेली.

तीन दिवस मी गप्प बसलो. दुकान उघडलं, नंबर तपासले, एका बाईंना चुकून दुसऱ्याच बाईंचा चष्मा दिला. त्या तो लावून रस्ता ओलांडून परत आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं लक्ष कुठे असतं?" तीन दिवस मी स्वतःला एकच गोष्ट सांगत होतो. मी खोटं बोललेलो नाही, मला कोणी विचारलेलं नाही. ते खरंच होतं. त्यावर मी अजून बरेच दिवस काढू शकलो असतो. मला माझा स्वभाव माहीत आहे.

चौथ्या दिवशी विभागप्रमुखांनी निरोप पाठवला. समितीच्या अर्जाला प्लेटीची मूळ वही जोडायची आहे, घरी असेल तर द्यावी. वही तिच्या टेबलाच्या खालच्या खणात सापडली. जाड पुठ्ठ्याची, हिशेबाच्या वहीसारखी. मी ती देण्याआधी उघडली. आठ वर्षांत कधी उघडली नव्हती.

पहिल्या पानावर तिच्या अक्षरात नियम होते. दुसरा नियम असा: उजवीकडच्या तिघांना हात लावायचा नाही. कोणीही. मी सुद्धा.

मग रविवारमागून रविवार. तारीख, वेळ, हवा, पुसले. एकेका ओळीत. काही ठिकाणी थोडं जास्त होतं. "ताप आहे, तरी पुसले." "यांच्या दुकानातलं फडकं नवीन, बरं आहे." "पक्षी बसून गेला, पाचव्यावर खूण, फोटो काढला." पाचव्या वर्षातल्या एका रविवारी पूर्ण पान लिहिलेलं होतं. त्या दिवशी डावीकडचा तिसरा पुसताना तिची बाही चौथ्या सेलला लागली होती. दोन बोटं रुंद जागेवरची धूळ पुसली गेली. तिने जागेचं चित्र काढलं होतं, मापं लिहिली होती, आणि खाली लिहिलं होतं: "माझी चूक. लांब बाहीचा झगा घालून यायला नको होतं. चारही विद्यापीठांना कळवलं. या सेलचे इथून पुढचे आकडे वेगळे धरावेत. वाईट वाटतंय."

दोन बोटं जागा होती. मला तो रविवार आठवला. दुपारी जेवताना तिचं लक्ष नव्हतं म्हणून मी विचारलं होतं, काय झालं? ती म्हणाली होती, "झगा बदलायला हवा होता." मला वाटलं जेवताना काही सांडलं असेल.

मी वही मिटली आणि ती घेऊन खाली दुकानात गेलो. जाऊबाईंना फोन लावला. त्यांच्याकडे सकाळ होती, केस ओले होते.

"जाऊबाई, ते सेल मी पुसलेत."

"हो, डावीकडचे. माहीत आहे."

"सगळे. सहाही. मला नियम माहीत नव्हता. तिचा खांदा दुखायचा म्हणून राहिले असतील असं वाटलं. चार रविवार पुसले. आपले आपण काही भरून आलेलं नाही."

मागे कुठेतरी किटलीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "फोन चालू ठेवा."

कीबोर्डचा आवाज येत राहिला. सरासरी बाजूला ठेवून त्या दर दहा मिनिटांचे आकडे उघडत होत्या.

"पहिला रविवार कुठला?"

मी तारीख सांगितली.

"वेळ?"

"साडेनऊला वर गेलो. उजवीकडच्यांना हात लावला तेव्हा पावणेदहा झाले असतील."

"नऊ पन्नासला पायरी आहे, आकडा एकदम वर," त्या हळू म्हणाल्या. "पुढच्या रविवारी पण आहे. चारही. मी हे उघडून बघायला पाहिजे होतं, भावजी. हे पहिलं बघायचं असतं. मी बघितलं नाही, कारण मला ते खरं हवं होतं."

"मलाही सांगायचं नव्हतं. चार दिवस लागले."

"कशाने पुसलंत?"

मी लिक्विडचं नाव सांगितलं, त्यात काय काय असतं ते सांगितलं, फडक्याचा प्रकार सांगितला, कुठल्या दिशेने हात फिरवला ते सांगितलं. या बाबतीत मला चाचपडावं लागलं नाही. त्या लिहून घेत होत्या. मध्येच म्हणाल्या, "एवढी बारीक नोंद आमचे विद्यार्थीही देत नाहीत."

"चार चष्मे जास्त विकलेत मी."

त्या किंचित हसल्या, मग रडायला लागल्या, आणि मी दुकानातल्या आरशांकडे बघत बसलो.

"काहीच उपयोगाचं नाही का त्यातलं?" मी नंतर विचारलं.

"आहे थोडं. धुळीने किती गेलं होतं ते कळतं. पण दहा वर्षांच्या तक्त्यातून तुमची प्लेट काढावी लागेल. आणि सांधण्याचं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "ते आहे तिथेच राहिलं. अपुरं. तिच्यानंतर ते कोणी हातात घेईल का, मला माहीत नाही. माझा तो विषय नाही."

"नाव?"

"धुळीच्या निबंधावर राहील. तिसरं."

अर्ज गेला नाही. उपग्रहावर दुसऱ्यांचे सेल बसणार आहेत. विभागप्रमुख दुकानात येऊन गेले, चष्मा दाखवायच्या निमित्ताने. त्यांच्या चष्म्याला काही झालेलं नव्हतं. म्हणाले, "दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं." मी त्यांच्या काचा पुसून दिल्या. मुलगी आठवडाभर आली नाही. मग आली, फ्रिज उघडला, आणि पाठमोरीच म्हणाली, "वही वाचली मी. विभागात जाऊन. झग्याचं पान वाचलं." एवढंच. मग भाजी का संपवली नाही म्हणून रागावली.

प्लेट गच्चीवर आहे. जाऊबाई म्हणाल्या, नव्याने सुरू करायची असेल तर कोणी ना म्हणणार नाही, फक्त दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतील. मी एकसष्टचा आहे. हो म्हटलंय. रविवारी साडेनऊला दुकानावर पाटी लावून वर जातो, आखूड बाहीचा शर्ट घालून, आणि डावीकडचे तीन पुसतो.

वही विभागाने फोटो काढून परत पाठवली. मूळ नोंद वहीतच व्हायला हवी, असा नियम आहे, आणि ज्याने केलं त्यानेच ती आपल्या हाताने लिहायची. तिची शेवटची ओळ पानाच्या मध्यावर आहे. तारीख, साडेनऊ, हवा स्वच्छ, पुसले. तिच्याखाली मला त्या चार रविवारांचं लिहायचं आहे. मी तीन वेळा पेन उघडलं. अजून लिहिलेलं नाही.